छपरावरचं वजन

"बाकी काही बी काढा ताई, याले हात लावायचा नाही."

उत्तमराव गाडीच्या दारात उभे होते आणि त्यांचा उजवा हात आतल्या पिवळ्या पाइपवर होता. वाशीमजवळच्या मालेगावातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये गाडी येऊन अर्धा तासही झाला नव्हता. त्यांची मुलगी सुजाता बॉनेटपाशी उभी राहून जमिनीकडे बघत होती. हे वाक्य तिनं घरून निघताना ऐकलं असणार, रस्त्यातही ऐकलं असणार.

मला पहिल्याच झटक्यात राग आला. गाडी हलकी करून द्या म्हणून माणूस येतो आणि गाडीतल्या सगळ्यात जड वस्तूवर हात ठेवून उभा राहतो. डॉक्टरकडे जाऊन 'जिथं दुखतं ते सोडून तपासा' म्हणण्यातला प्रकार.

माझं काम आधी सांगते. पुण्याच्या एका गाड्यांच्या कंपनीत माझी सगळी नोकरी गाड्यांचं वजन कमी करण्यात गेली. आमच्या डिपार्टमेंटला सगळे हसायचे. कुणी दाराचा हँडल डिझाइन करायचा, कुणी सीट, आणि आम्ही जाऊन म्हणायचो, यातून पन्नास ग्रॅम काढा. पन्नास ग्रॅमवरून मी सीनियर लोकांशी दोन दोन महिने भांडले आहे. हलकी गाडी लवकर पळते हे सगळ्यांना कळतं. ती लवकर थांबते आणि वळणावर ऐकते, हे सांगावं लागतं. निवृत्त झाल्यावर सासरच्या गावी परत आले, रस्त्यालगत शेड टाकली आणि शेतीची अवजारं हलकी करून द्यायला लागले. पेरणीयंत्र, फवारणीचे सांगाडे असली कामं. रेसची गाडी या शेडमध्ये पहिल्यांदाच आली.

स्पोर्ट्स कार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जी लाल, जमिनीला टेकलेली गाडी येते तशी ही नव्हती. नागपूरच्या एका हौशी माणसाकडून घेतलेली, दोन दारांची, जुनी, छोटी गाडी. इंजिन मात्र चांगलं जोरकस. सुजाता वाशीमला एका बँकेत नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी ऑटोक्रॉसमध्ये भाग घेते. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात मातीचा वळणावळणाचा ट्रॅक आखतात, एकेक गाडी सोडतात आणि कुणाला किती वेळ लागला ते बघतात. मित्रांच्या गाड्या मागून घेऊन तिनं दोन-तीनदा चांगला वेळ दिला होता. आता स्वतःच्या गाडीवर पहिली मोठी स्पर्धा होती. पण या गाडीत बसल्यापासून तिचा वेळ खराब झाला होता.

"मॅडम, गाडी वळतच नाही मनासारखी," ती म्हणाली. "आधी आडवी होते, मग वळते."

"आडवी होते म्हणजे?"

तिनं हात कलता करून दाखवला आणि बापाकडे बघून लगेच खाली घेतला.

तो पिवळा पाइप म्हणजे रोल केज. रेसच्या गाडीच्या आत पाइपांचा पिंजरा बसवतात. गाडी पलटी झाली तर छप्पर दबतं, पिंजरा दबत नाही, आणि माणूस वाचतो. पिंजरा लागतोच, त्यात वाद नाही. पण हा पिंजरा उत्तमरावांनी स्वतः बनवला होता, कामरगावला, आपल्या अंगणात. त्यांचा धंदा बोअरच्या मोटारी काढण्या-टाकण्याचा. तीन पायांचा घोडा उभा करायचा, साखळी लावायची आणि जमिनीतून एकामागून एक पाइप वर ओढायचे. आयुष्यभर हेच केलेला माणूस पिंजऱ्यासाठी दुसरा कुठला पाइप आणणार? बोअरचाच जाडजूड गॅल्वनाइज्ड पाइप त्यांनी वापरला होता.

"याच्या खाली मोटर लटकते, पाण्याचं वजन लटकते, सालोसाल लटकून राह्यते," ते म्हणाले. "पाइप हाय हा. खेळणं नाही."

मग सुजाता पाणी प्यायला आत आली तेव्हा तिनं मला बाकीचं सांगितलं. तिचा मोठा भाऊ प्रशांत कारंजा रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचा. एका वळणावर जीप उलटली. प्रवासी उतरून गेले होते, तो एकटाच होता. जीपवर कापडी टप होता, वर काहीच नव्हतं. त्याला बाहेर काढायला जी माणसं धावली त्यात उत्तमराव होते.

"मी गाडी चालवते म्हटल्यावर बाबा सहा महिने बोलले नाही माझ्याशी," सुजाता म्हणाली. "मग एक दिवस स्वतःच पाइप कापाले बसले. म्हणाले, चालवशीन तं याच्यातच बसून चालवशीन."

माझा राग तिथं संपला. काम मात्र तेवढंच राहिलं, उलट अवघड झालं.

गाडी हलकी करायची तर आधी मोजावी लागते, आणि नुसतं एकूण वजन कळून भागत नाही. कुठल्या चाकावर किती भार आहे ते कळावं लागतं. कंपनीत त्यासाठी खास काटे होते. इथं मी बाजारातल्या एका आडत दुकानातून पोती मोजायचे चार इलेक्ट्रॉनिक काटे मागितले. आडत्यानं काटे दिले, पण त्यांच्यासोबत आपला मापाडी रहीमचाचाही दिला. काट्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला चालत नाही.

चार चाकांखाली चार काटे सरकवले. सुजाता सीटवर बसली, कारण चालवणाराही गाडीचाच भार असतो. रहीमचाचा वाकला आणि बाजारात ओरडतात तसा खड्या आवाजात ओरडला, "लाभ!"

पहिल्या मापाला इथं एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्यानं चारही आकडे सांगितले, मी लिहून घेतले. बेरीज केली. आम्ही सकाळीच ट्रॅक्टरच्या मोठ्या काट्यावर गाडी मोजून आणली होती. बेरीज त्याहून बरीच कमी भरत होती. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मी काटे तपासले, जमीन सपाट आहे का ते बघितलं, टायरमधली हवा बघितली. शेवटी मी स्वतः खाली बसून काट्यावरचा आकडा वाचला.

"चाचा, इथं दिसतंय वेगळं, तुम्ही सांगताय वेगळं."

"मंग? कडता नाही काढाचा का?" तो गोंधळून म्हणाला.

कडता म्हणजे पोत्याचं वजन, माती, ओल असं धरून बाजारात वजनातून जे वजा करतात ते. इतक्या वर्षांच्या सवयीनं चाचाच्या तोंडून आकडा कडता काढूनच बाहेर पडत होता. चाकाखालीही त्यानं तो काढला. मी हसले, सुजाता खूप दिवसांनी असावं तशी हसली, चाचाही कपाळावर हात मारून हसला.

उत्तमराव हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमाले जिथून काढाचा तिथून कडता काढा. पोरीच्या जीवाचा काढू नोका."

मी काट्यांवर वाकून चारही आकडे स्वतः लिहून घेतले.

पुढचे काही दिवस आम्ही पिंजरा सोडून बाकी सगळं काढलं. मागची सीट, स्टेपनी, गालिचे, दारांचे पुठ्ठे, काच वरखाली करायच्या मोटारी. गाडीच्या तळाला आतून डांबराचा थर चिकटवलेला असतो, आवाज येऊ नये म्हणून. तो छिन्नीनं खरवडावा लागतो आणि खरवडणाऱ्याच्या बोटांची सालं निघतात. बँकेतून आल्यावर सुजाता तेच करत बसायची. बॅटरी पुढून काढून खाली, मध्यभागी आणली. मागच्या काचेच्या जागी प्लॅस्टिकचा जाड पत्रा बसवला. गाडी खरंच हलकी झाली. कंपनीत एवढं वजन निघालं असतं तर माझा सत्कार झाला असता.

मग सोयाबीन निघालेल्या एका मोकळ्या वावरात तिला चालवून बघायला सांगितलं. सरळ रेषेत गाडी बाणासारखी सुटली. पहिल्या वळणावर आतली दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली. मी हात वर करून ओरडले. तिनं स्टेअरिंग सोडलं तशी गाडी धप्पकन खाली आली.

मी तिला गाडीतून उतरायला सांगितलं आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

झालं होतं असं. खालचं सगळं वजन आम्ही काढलं आणि छपराखालचं तसंच राहिलं. पिंजरा जवळजवळ एका क्विंटलचा होता आणि त्याचा जास्त भाग डोक्याच्या वर होता. गवताचा भारा कमरेवर असला तर माणूस वळतो, डोक्यावर असला तर वळताना झोक जातो. गाडीचंही तसंच असतं. पलटी झाल्यावर पोरीला वाचवायला म्हणून जो पिंजरा बसवला होता, तोच तिला पलटी करायला निघाला होता. आणि मी बाकीचं वजन काढून त्याला मदत केली होती.

पिंजरा पलटीत तरी टिकेल का, हा त्याहून वाईट प्रश्न होता. मी एका कोपऱ्यावरचा पिवळा रंग खरवडला. वेल्डखाली एल्बो, म्हणजे दोन पाइप काटकोनात जोडायचा तुकडा, दिसला. पाइप कोपऱ्यात वळवायला उत्तमरावांकडे यंत्र नव्हतं. मग त्यांनी बोअरमध्ये करतात तेच केलं होतं. पाइपच्या टोकाला आटे पाडले, एल्बोत पिळून घट्ट बसवले आणि दुप्पट मजबुतीसाठी वरून सगळीकडे वेल्डिंग मारलं. सगळे कोपरे तसेच होते.

"मॅडम," सुजाता म्हणाली, "बाबा आठवडाभर इकडं येणार नाहीत, सीझन सुरू हाय त्यांचा. तुमी कापून टाका. नवीन बसवा, पिवळाच रंग मारा. त्यांले कळणार नाही."

"नाही."

"काहून?"

"तुझ्या बाबांना फसवून तुला ज्या पिंजऱ्यात बसवेन, त्यात उद्या काही झालं तर मी त्यांना काय सांगू? आणि काही नाही झालं तरी तू रोज घरी जाऊन त्यांच्या ताटाला ताट लावून जेवणार आहेस."

ती रागावली. स्पर्धा जवळ आली होती, मी तिचे दिवस खाते आहे असं तिला वाटलं. गाडीचं दार आपटून गेली. आपटण्याइतकंही वजन त्या दारात आता उरलं नव्हतं.

मी उत्तमरावांना फोन करून बोलावून घेतलं. ते आले, गाडीपाशी गेले आणि पुन्हा तसाच हात पाइपवर ठेवला. मी गवताच्या भाऱ्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"झोक जाते, मान्य," ते म्हणाले. "मंग तिनं जरा हळू चालवावं. पण हलका पाइप मी बसवू देणार नाही. हलकं म्हणजे कच्चं."

"नेहमी नाही."

"ताई, तुमचं शिक्षण हाय. मी पोराले पायलं हाय."

मग मी त्यांना त्यांच्याच धंद्यातलं विचारलं, कारण माझ्या धंद्यातलं सांगून काही उपयोग नव्हता.

"उत्तमराव, कधी कधी पाइप बोअरमध्ये तुटतो आणि मोटर आत पडते. होतं ना असं?"

"होते तं. लै येळा."

"पाइप तुटतो कुठं? मधेच?"

"मधी कायले तुटीन? आट्यापाशी तुटते. आटा पाडला का तिथं पाइप निम्मा राह्य..."

वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. मी रंग खरवडलेला भाग तिथं उघडा होता. मग त्यांनी दुसऱ्या कोपऱ्याकडे बघितलं, तिसऱ्याकडे बघितलं. हात पाइपवरून खाली आला.

"वरतून वेल्डिंग हाय," ते म्हणाले. आवाजात आधीचा जोर नव्हता.

"हो, आहे."

ते मोटरसायकलवर बसले आणि निघून गेले. मला वाटलं, झालं, आता सुजाता गाडी न्यायला येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेड उघडायला गेले तर उत्तमराव दारात बसलेले. सोबत स्वतःचा कटर आणला होता. "पिंजरा मी बांधला, मीच कापतो," एवढंच म्हणाले. मी चष्मा दिला, बाजूला झाले.

पहिला एल्बो त्यांनी बरोबर मधून चिरला. तुकडा खाली पडला. थंड होईपर्यंत थांबले, मग उचलून उजेडात धरला. गॅल्वनाइज्ड पाइपवर जस्ताचा थर असतो. त्याच्यावर वेल्डिंग केलं की जस्ताची वाफ होते आणि वेल्डच्या पोटात बुडबुडे अडकतात. वरून वेल्ड छान गुळगुळीत दिसतो. आतून तो अनारशासारखा जाळीदार असतो. त्या जाळीखाली आट्याशी पाइपची भिंत नखाएवढी उरली होती. आणि एका बाजूला, आट्याच्या खाचेत, एक बारीक काळी रेघ होती. तडा आधीच गेला होता. बहुधा वावरात गाडी आदळली तेव्हाचा.

उत्तमराव तुकडा घेऊन खाली जमिनीवरच बसले.

"ताई," तड्यावर बोट ठेवून म्हणाले, "यात बसवली होती मी तिले. स्वतःच्या हातानं बसवली होती."

ते रडायला लागले. मला समजूत घालता येत नाही, नोकरीतही कधी आली नाही. मी त्यांच्याजवळ बसले. कटर बंद होता, रस्त्यावरून एसटी गेली. एवढा मोठा माणूस प्रशांतचं नाव घेऊन रडत होता आणि मला त्यांच्या प्रत्येक पाइपमध्ये त्यांची भीती दिसत होती. पोराला वाचवायला हाताशी काही नव्हतं, म्हणून पोरीसाठी हाताशी असेल नसेल ते सगळं त्यांनी जोडलं होतं.

मग ते उठले आणि बाकीचे कोपरेही कापले.

नवा पिंजरा आम्ही सीमलेस ट्यूबचा केला. सीमलेस म्हणजे जिला लांबीत जोड नाही अशी नळी. ती बोअरच्या पाइपपेक्षा पातळ असते, पण पोलाद चांगलं असतं. ती वळवायचं यंत्र मी अकोल्याहून भाड्यानं आणलं. कोपरे वळवले, कुठंही आटा नाही. जिथं जोड द्यावाच लागला तिथं त्रिकोणी पत्र्याचा आधार दिला. पिंजरा छपराला अगदी चिकटवून, शक्य तितका कमी पाइप वर ठेवून बसवला. वेल्डिंग मी केलं, नळ्या उत्तमरावांनी धरल्या. प्रत्येक जोड थंड झाला की ते त्यावर हातोडी मारून आवाज ऐकायचे. त्यानं काही कळत नाही, पण मी त्यांना थांबवलं नाही.

शेवटी ते म्हणाले, "दाराच्या बाजूनं अजून एक पट्टी टाका ना. प्रशांतले बाजूनंच लागलं होतं."

नियमात दारात एक आडवा पाइप लागतो. तो आम्ही टाकलाच होता. दुसऱ्याची गरज नव्हती, आणि कंपनीत कुणी मागितला असता तर मी त्याला मीटिंगमधून उठवलं असतं. मी दुसरा टाकला. तो खाली होता, कमरेच्या उंचीला, तिथं वजन फार त्रास देत नाही. सुजाता तेव्हा समोरच उभी होती. तिनं तो पाइप स्वतः उचलून माझ्या हातात दिला.

गाडी परत मोजली. रहीमचाचानं या वेळी काट्यावर वाकून आकडे अगदी जसेच्या तसे सांगितले आणि चौथ्यानंतर मान वर करून म्हणाला, "कडता नाही काढला, ताई."

स्पर्धेच्या ठिकाणी गाड्या आधी तपासतात. तपासणाऱ्यानं आत डोकं घालून पिंजरा पाहिला, जोडांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "केज कोणी बनवला?"

सुजातानं माझ्याकडे बघितलं नाही. "माझ्या बाबांनी," ती म्हणाली.

उत्तमराव मागं उभे होते. आजवर तिच्या एकाही स्पर्धेला ते आले नव्हते. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

तिची पाळी आली. ट्रॅकच्या टोकाला एक मोठं उलटं वळण होतं, तिथं बऱ्याच गाड्या घसरत होत्या. तिनं ते जोरात घेतलं, जरा जास्तच जोरात. आतलं पुढचं चाक उचललं. उत्तमरावांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ उठला. चाक हवेत थोडं रेंगाळलं आणि खाली आलं. गाडी सरळ झाली आणि निघून गेली.

तिचा नंबर चौथा आला. बक्षीस तिसऱ्यापर्यंतच होतं. ती हेल्मेट काढून चिडचिड करत होती, दुसऱ्या वळणावर गिअर चुकला म्हणून. माणसाला चिडायला मिळणं किती चांगलं असतं, हे मला तिच्याकडे बघून तेव्हा वाटलं.

उत्तमराव माझ्याकडे वळले. "जुना असता तं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "पलटी झाली असती," मी म्हटलं.

"आन आट्यावर तुटला असता," ते म्हणाले. मग ते पोरीकडे गेले, दारातल्या त्या दुसऱ्या पाइपवर हात टेकवून उभे राहिले आणि तिची चिडचिड शेवटपर्यंत ऐकून घेतली.

जुन्या पिंजऱ्याचे पाइप त्यांनी नेले, आटे कापून टाकून सरळ तुकडे एका बोअरवर वापरले. तिथं ते चांगलेच आहेत. चिरलेला तो एल्बो मात्र माझ्याकडे ठेवून गेले. आता कुणी अवजार घेऊन आलं आणि 'ताई, जाड लोखंड टाका, मजबूत पाहिजे' म्हणालं की मी तो त्याच्या हातात देते. "केवढा जड हाय!" सगळे खूश होऊन म्हणतात. मग मी त्यांना तो फिरवून आतून बघायला सांगते.